मामाजींनी न बसवलेली काच

जगात जे जे हलतं ते कुणीतरी नीट बसवलं नाही म्हणून हलतं, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. ते माझ्या नवऱ्याचे मामा. मी त्यांना मामाजी म्हणत असे आणि त्यांच्या बायकोला मामीबाई. आदिलाबादला आमचं घर आणि त्यांचं घर एकाच भिंतीचं, आणि अंगणही एकच. झाडाचं पान हललं तर मामाजी काही बोलत नसत, पण पाट, पलंग, दार, गाडीचं चाक, बसचा बाक, यांतलं काही हलताना दिसलं की हातातला घास हातातच राहायचा. कोटाच्या डाव्या खिशात लाकडाच्या चिपा असत, काही पातळ, काही जाड. एकदा इचोड्याला लग्नात पंगत बसली होती, वाढणारे वरण घेऊन उभे होते, आणि मामाजी नवरीच्या सासऱ्याच्या पाटाखाली डोकं घालून आडवे झालेले. "जरा उठा व्याही, एक कोपरा वर हाय," असं म्हणून त्यांनी त्या भल्या माणसाला भरल्या पानावरून उठवलं, चीप सरकवली, पाटावर हात दाबून पाहिला, आणि मग म्हणाले, "बसा आता. पाट हालला तं अन्न अंगी लागत नाई." व्याही बसले, पण पुढे मूल झाल्यावर बारशाला बोलावताना त्यांनी निरोप धाडला की मामांना जरूर आणा, चिपा मात्र घरी ठेवून या.

ऐकण्याची त्यांची तऱ्हाही वेगळी होती. कान लावून ऐकत नसत, दातांनी ऐकत. एक हातभर लांबीची सागाची काडी होती. तिचं एक टोक यंत्राला टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटायचे. भैंशाच्या कापसाच्या जिनात ते पहिल्यांदा फिटर होते तेव्हापासूनची ही सवय. मी नवीन लग्न होऊन नार्नूरहून आले तेव्हा पहिल्याच आठवड्यात सकाळी दळत बसले होते, तर हे समोर उकिडवे बसले, काडी जात्याला लावली आणि चावून धरली. पदर पुढे ओढून मी थांबले तर काडी दातांत तशीच ठेवून हाताने खूण करू लागले, चालू दे, चालू दे. मी अंग चोरून दळत राहिले. थोड्या वेळाने काडी काढून म्हणाले, "मधला खुंट ढिला हाय, सूनबाई. तुही चूक नाई." सासरी आल्यापासून माझी चूक नाही असं मला कुणी पहिल्यांदाच म्हणत होतं, म्हणून ते लक्षात राहिलं. त्या दिवशी त्यांनी खुंट नवा बसवला. जातं असं गुपचूप फिरू लागलं की शेजारणींना वाटायचं आमच्याकडे दळण संपलं.

नागपूरच्या रस्त्यावर बसमध्ये बसले की ते बाकावर तळहात ठेवून बसत. एकदा मधेच उठून ड्रायव्हरजवळ गेले आणि गाडी थांबवा म्हणाले. ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, बस है, हिलेगी ही." मामाजी म्हणाले, "हिलने दो. लेकिन काऊन हिलती, ये तो मालूम होना." मग दोघं खाली उतरले, एका चाकाचे नट ढिले निघाले, ते आवळले, आणि गाडी सुटली. उतारूंपैकी कुणी त्यांचे आभार मानले नाहीत. उशीर झाला म्हणून सगळे कुरकुरत होते, आणि आमच्या घरचे, म्हणजे माझे यजमान, खिडकीबाहेर पाहत हे कोण गृहस्थ आहेत ते आपल्याला ठाऊकच नाही असा चेहरा करून बसले होते.

असा माणूस, आणि त्याच्या घरात एक वस्तू मात्र कायम वाजत असे. मामीबाईंच्या स्वयंपाकघराला एक लहान खिडकी होती आणि तिला एक काच. ती काच चौकटीत ढिली होती. मामीबाई वर्षानुवर्षं सांगत होत्या, "गावाचं हालनं काढत फिरता, अन् घरची काच वाजून राह्यली." मामाजी म्हणत, "राहू दे." एवढंच. त्याचं कारण मला पुढे कळलं. विमान सुरू झालं की घरात सगळ्यांत आधी ती काच वाजायची.

विमानाचं सांगायचं राहिलं. निजामाच्या वेळेस इथल्या एका जागीरदाराने हौसेने एक लहान विमान आणलं होतं. पिवळं, दोन माणसांचं, तोंडाशी लाकडाचा दोन पात्यांचा पंखा. ते गावाबाहेरच्या मैदानावर उभं असे. ते सांभाळायला त्यांनी भैंशाच्या जिनातून मामाजींना बोलावून घेतलं. पुढे निजामाचं राज्य गेलं, जागीरदार कुठे गेले कळलं नाही, आणि विमान सरकारच्या ताब्यात आलं. विमानाबरोबर मामाजीही ताब्यात आले. कचेरीतले लोक गमतीने म्हणत की ताब्याच्या कागदावर विमान, दोन सुटी चाकं, एक ताडपत्री आणि मामा असं लिहिलं आहे. चालवायला हैदराबादचा एक तरुण कॅप्टन होता. तो त्यांना चाचा म्हणे. मामाजी स्वतः मात्र कधी विमानात बसून वर गेले नव्हते. विचारलं तर म्हणत, "माह्यं काम खाली हाय."

त्या पंख्यावर त्यांचा जीव होता. लाकडाचा पंखा पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आकसतो, मग त्याचे बोल्ट सैल पडतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. बोल्ट आवळताना एक आवळला की त्याच्या समोरचा आवळायचा, शेजारचा नाही, नाहीतर पंखा एका अंगाला बसतो. जमिनीत एक खुंटी रोवून ते पंखा हाताने हळूहळू फिरवत. एका पात्याचं टोक खुंटीला जिथे घासलं तिथेच दुसऱ्याचं घासलं पाहिजे. शिवाय मामीबाईंची पितळी वाटी पाण्याने भरून ते विमानाच्या बाकावर ठेवत आणि इंजिन सुरू करून पाण्यावरच्या लहरी बघत. मामीबाईंच्या वाट्यांपैकी निम्म्या विमानाकडे असत. पाहुणे आले की त्या म्हणत, "थांबा, मैदानावरून भांडे आनाले पाठवते." आणि सगळ्यांत मोठा नियम असा की उभं विमान ठेवायचं ते पंखा आडवा करून. पंखा उभा राहिला तर लाकडातलं पाणी खालच्या पात्यात उतरतं, ते जड होतं, आणि मग फिरताना विमान थरथरतं. एका पावसाळ्यात कॅप्टन पंखा उभा ठेवून निघून गेला होता. ते मामाजी त्याला कधी विसरू देत नसत. तो म्हणे, "चाचा, पंखा खड़ा रहे या सोए, है तो लकड़ी ही." त्यावर मामाजी दिवसभर त्याच्याशी बोलत नसत.

दसऱ्याला आमच्याकडे सगळ्या हत्यारांची पूजा होते. मामाजी पाने, हातोड्या, कानस, ती सागाची काडी, सगळं मांडत, आणि मग मैदानावर जाऊन पंख्याची पूजा करत. पहिल्या वर्षी त्यांनी एका पात्यावर, टोकाला पितळेचा पत्रा होता त्याच्या जरा अलीकडे, शेंदराचा मारुती काढला. वाऱ्याचा लेक म्हणून मारुती. शेंदूर जवसाच्या तेलात कालवलेला, तो वाळला की दगडासारखा होतो. दुसऱ्या वर्षी त्यांनी त्याच जागी वर आणखी लावला, कारण देव तिथे होता. तिसऱ्या वर्षीही तेच. वेशीतल्या मारुतीला जसं करतात तसंच. कॅप्टनसुद्धा वर जाण्याआधी त्या शेंदराला बोट लावून मग बसायचा. तो शेंदूर सगळ्यांना दिसत होता, पण देव म्हणून दिसत होता.

विमान थरथरायला कधी लागलं हे नेमकं सांगता येत नाही. दरवर्षी जरा जरा वाढत गेलं असावं. भाषेप्रमाणे राज्यं होणार अशी बोलणी तेव्हा घरोघर चालली होती. कुणी म्हणे आपण मुंबईकडे जाणार, कुणी म्हणे आंध्रात. कचेऱ्यांतल्या खुर्च्या आणि कपाटांपर्यंत सगळ्याची वाटणी चालली होती, आणि अशात विमानाचं काय करायचं ते ठरवायला हैदराबादहून एक तपासणारे साहेब आले. पाऊस नुकताच उघडला होता. साहेब कॅप्टनबरोबर एक चक्कर मारून खाली उतरले ते जबडा धरूनच. म्हणाले, इतकी थरथर असलेलं विमान एक दिवस वरच मोडेल. दिवाळीनंतर परत येतो. थरथर गेली असेल तर विमान हैदराबादला नेऊ, तिथे मुलं त्यावर शिकतील. नसेल गेली तर इथेच तोडून भंगारात काढा.

म्हणजे थरथर गेली तर विमान जाणार, आणि नाही गेली तरी विमान जाणारच. आमच्या घरच्यांनी हे मामाजींना समजावून सांगितलं. म्हणाले, "मामा, कशाला जीव आटवता? दोन्हीकडून तुमच्या हाती काही राहत नाही." मामाजी म्हणाले, "अरे, पोरगी सासरी जाते अन् पोरगी मरते, हे एकच व्हय काय?"

त्यांनी बोल्ट पाहिले, खुंटी रोवून पाहिली, इंजिनाखालची रबरं बदलली. मग पंखा काढून घरी आणला. अंगणात दोन पाट मांडून त्यांवर दोन लोखंडी पट्ट्या अगदी सपाट बसवल्या, पंख्याच्या मधल्या भोकातून गोल सळई घातली आणि ती पट्ट्यांवर टेकवली. चांगला पंखा असा ठेवला की जिथे सोडाल तिथे थांबतो. हा थांबेना. एकच पातं दरवेळी खाली जाई. मामाजींनी मान हलवली. "पाह्य, हेच पातं त्या पावसात खाली होतं. कॅप्टननं पानी पाजलं ह्याले." मग ते पाणी काढायला लागले. पंखा खाटेवर उन्हात ठेवत आणि पापडासारखा उलटत. संध्याकाळी कोमट राखेची पोटली करून शेकत. मी एकदा भीतभीत मामीबाईंना विचारलं की दुसऱ्या पात्याला थोडं वजन लावलं तर नाही का चालणार. त्यांनी ते मोठ्याने मामाजींना विचारलं, मला वाटलं आता जमीन पोटात घेईल तर बरं. पण मामाजींनी शांतपणे उत्तर दिलं की आज वजन लावलं आणि उद्या पाणी सुकलं, तर उलटं होईल. ते बरोबरच होतं, पाणी असतं तर.

थोडा फरक पडल्यासारखा त्यांना वाटला. त्यांनी पंखा नेऊन बसवला. तेवढ्यात दसरा आला. त्या वर्षी त्यांनी पूजा जास्त मन लावून केली. विमान वाचू दे असं साकडं घातलं आणि शेंदराचा दुप्पट जाड थर दिला. वरून थोडा वाळल्यावर विमान सुरू केलं तर मामीबाईंच्या खिडकीची काच अशी वाजली की मामीबाईंनी ती निखळेल म्हणून हाताने धरून ठेवली. थरथर पहिल्यापेक्षा वाईट होती. मामाजी पंखा खांद्यावर घेऊन घरी आले, अंगणात खाटेवर ठेवला आणि न जेवता भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

दुपारी शेजारच्या शेळ्या अंगणात शिरल्या. एक तर खाटेवर पुढचे पाय देऊन पंख्याचा वास घेत होती. मामीबाईंनी मला हाक मारली, "ये वं, ह्याले घरात घेऊ." एक टोक मी धरलं, एक त्यांनी. दारात पोचलो आणि त्या थांबल्या. पंखा खाली टेकवून त्यांनी आपले हात पाहिले. दोन्ही लाल. पदरही लाल. आतून ओला राहिलेला शेंदूर त्यांच्या हाताला आला होता. त्या पदर बघून आधी चिडल्या, मग वाकल्या आणि तो थर किती जाड आहे ते नखाने चाचपून पाहिलं. बोटाचं अर्धं पेर आत गेलं.

"अवो," त्यांनी आत हाक मारली. "हे पानी नाई. हा शेंदूर हाय."

मामाजी उठून आले. "देवाचं कुठं वजन राह्यते?"

"राह्यते. आमच्या गावच्या मारुतीची शेंदराची खोळ निघाली तव्हा चार जनांनी उचलून नदीवर नेली व्हती. माह्या बापाची कंबर धरली त्या दिवशी. तुमी लावून राह्यले दरसाल एकाच पात्याले, अन् बोल लावून राह्यले त्या कॅप्टनले."

मामाजींनी पंखा पट्ट्यांवर ठेवला. शेंदराचं पातं खाली गेलं. उलटा केला, तरी तेच खाली गेलं. ते ओट्यावर बसले. मग म्हणाले, "मी खरवडनार नाई. देवाच्या अंगावर कानस चालवू काय? विमान भंगारात गेलं तरी चालंल."

चालणार नव्हतं, हे त्यांच्या आवाजावरून आम्हा दोघींना कळत होतं. दिवाळी जवळ आली होती. मामीबाई न्हाणीकडे हात धुवायला गेल्या. जवसाचं तेल पाण्याने जात नाही, म्हणून त्या राखेने घासत बसल्या. घासता घासता पाठमोऱ्याच म्हणाल्या, "मंग दुसऱ्या पात्याले बी लावा ना."

"दुसऱ्यावर कोनता देव?"

"मारुतीच. वारा काय एकाच बाजूनं लागते?"

मामाजी जागचे उठले ते थेट देवघरात. त्या संध्याकाळी आणि पुढच्या सकाळी आमच्या अंगणात जे चाललं होतं ते कुणी पाहिलं असतं तर काय समजलं असतं कोण जाणे. मामीबाई शेंदूर कालवून देत होत्या, आणि मामाजी बोटाच्या टोकाने दुसऱ्या पात्यावर एकेक ठिपका लावत होते. ठिपका लावायचा, हात काढायचा, पंखा कुठे थांबतो ते पाहायचं. हळूहळू खाली जाणारं पातं सावकाश जाऊ लागलं. मग अर्ध्यात थांबू लागलं. एकदा ठिपका जास्त झाला आणि उलटंच पातं खाली गेलं, तेव्हा मामाजींनी हात जोडले आणि राईएवढा शेंदूर काढून स्वतःच्या कपाळाला लावला. शेवटी असं झालं की पंखा आडवा सोडला तर आडवा, उभा सोडला तर उभा, तिरपा सोडला तर तिरपा राहिला. मामाजी त्याच्याकडे बघत राहिले. मामीबाई म्हणाल्या, "आता जेवता काय?"

शेंदूर पुरता वाळू दिला. दरम्यान कॅप्टन चौकशीला आला होता. अंगणातला पंखा पाहून त्याला सगळं कळलं. मामीबाईंनी मुद्दाम मोठ्याने सांगितलं की पाणी नव्हतं हो बाबा, तुझा दोष नव्हता. मी दारामागे होते. मला वाटलं तो आता मामाजींची चेष्टा करणार. तो म्हणाला, "मैं भी तो रोज हाथ लगाता था, मामी. मुझे भी कहाँ दिखा."

साहेब आले त्या दिवशी मामीबाई आणि मी मैदानावर गेलो नाही. बायका कुठे जातात तिथे. आम्ही स्वयंपाकघरात भाकऱ्या करत होतो आणि दोघींचे कान खिडकीकडे. आधी लांबून इंजिनाचा आवाज आला. मग काच वाजली. पण नेहमीसारखी खडखडली नाही. एकसारखी बारीक गुणगुण करत राहिली, भुंगा दारात अडकल्यासारखी. मामीबाई तव्यावरची भाकरी सोडून उठल्या आणि पिठाच्या हाताने काचेवर बोट टेकवलं. "बसलं वं," त्या म्हणाल्या. भाकरी करपली.

मामाजी घरी आले ते धोतर ओलं करून, हातात पितळी वाटी, वाटी अर्धी. साहेबांनी म्हटलं होतं की ज्याने पंखा बसवला तोच आधी वर बसेल. जन्मात पहिल्यांदा ते वर गेले, आणि मांडीवर पाण्याची वाटी घेऊन गेले. वरून काय दिसलं, शेतं कशी दिसली, नदी दिसली का, आम्ही पुष्कळ विचारलं. त्यांनी बाहेर पाहिलंच नव्हतं. पूर्ण वेळ वाटीत बघत होते. "सांडलं ते वळताना सांडलं," ते पुन्हा पुन्हा सांगत होते. "हाललं नाई." उरलेलं पाणी त्यांनी पिऊन टाकलं आणि वाटी मामीबाईंच्या हातात दिली. त्या वाट्यांपैकी एवढी एकच परत आली, तीही पोचा पडलेली.

विमान पास झालं, म्हणून गेलं. कॅप्टन न्यायला आला तेव्हा त्याने मामाजींना हैदराबादला चला म्हटलं. तिथे जागा होती. मामाजी नाही म्हणाले. त्यांनी त्याला कागदात बांधलेली शेंदराची पुडी आणि जवसाच्या तेलाची बाटली दिली आणि सांगितलं, "दसऱ्याले दोनी पात्याले सारखा लावजो. अन् पंखा आडवा ठेवजो." कॅप्टन म्हणाला, "आडवा ठेवेन, चाचा." तेवढं मराठी तो शिकला होता.

त्याच सुमारास राज्यंही झाली. किनवट तिकडे मुंबई राज्यात गेलं, आम्ही इकडे आंध्रात राहिलो. आमच्या घरचे कचेरीत तेलुगू शिकू लागले. मामाजींना पाणीपुरवठ्याच्या पंपावर काम मिळालं. पंप त्यांनी असा बसवला की चालू आहे की बंद हे हात लावून पाहावं लागे. चिपा, सागाची काडी सगळं पूर्वीसारखं चाललं होतं, पण माझ्या लक्षात आलं की सकाळी चहा घेताना ते खिडकीशी उभे राहतात आणि तळहात काचेवर ठेवतात. मामीबाईंनी त्यानंतर ती काच बसवून घ्या असं एकदाही म्हटलं नाही.

आता दोघंही नाहीत. मधली भिंत काढून आम्ही दोन्ही घरं एक केली आहेत, आणि ते स्वयंपाकघर माझ्याकडे आलं आहे. दसऱ्याला मी शिवणयंत्राच्या चाकाला, विजेच्या पंख्याला, जात्याला, सगळ्यांना दोन्ही बाजूंनी सारखं कुंकू लावते. सुना हसतात. मागच्या महिन्यात मुलाने दारंखिडक्या दुरुस्त करायला सुतार आणला होता. तो ती काच बसवायला लागला तेव्हा मी आतून सांगून पाठवलं की तेवढी राहू दे. नागपूरच्या रस्त्याने जड ट्रक गेला की ती वाजते, नुसती खडखडते. मी काम करता करता ऐकते. एकसारखी गुणगुण मात्र विमान गेल्यापासून तिने पुन्हा केलेली नाही.